व्हीआरमध्ये चित्र अडखळतंय? कार्ड घ्यायच्या आधी मिलिसेकंद मोजा

गेल्या दिवाळीत नाशिकमधल्या सातपूरच्या माझ्या एका मित्राने बोनसचे पैसे घालून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. व्हीआरचा (आभासी जगाचा) हेडसेट लावला की दर दोन-तीन मिनिटांनी त्याचं चित्र अडकायचं, मान वळवली की कडेला काळे पट्टे दिसायचे आणि पाठोपाठ त्याला मळमळायला लागायचं. ज्याला विचारलं त्याने 'कार्ड जुनं झालंय' एवढंच सांगितलं. नवं कार्ड बसवलं, हेडसेट लावला, आणि तिसऱ्या मिनिटाला चित्र तसंच अडकलं. रविवारी मी त्याच्याकडे गेलो. दोष सापडायला दहा-पंधरा मिनिटं लागली. राउटरपासून पीसीपर्यंत आलेल्या लॅनच्या वायरीत आठपैकी चारच तारा जोडलेल्या होत्या.

त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता. हे पैसे त्याने वर्षभर काम करून मिळवलेले होते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझ्या स्वतःच्या मशीनवर हीच तक्रार तीन वर्षांत चार वेळा परत आली. दर वेळी दिसायला अगदी तीच, कारण मात्र दर वेळी निराळं. त्यातल्या फक्त चौथ्या वेळी नवीन कार्ड घ्यायची खरोखर गरज होती.

पुढचे आकडे कशाचे ते कळावं म्हणून माझं मशीन आधी सांगतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचं कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). हेडसेट मेटाचे, आधी क्वेस्ट २, नंतर क्वेस्ट ३. सगळं इंदिरानगरच्या घरात, हॉलमधल्या टेबलावर आणि टेबलाखाली.

मॉनिटरवर पळणारं मशीन इथे का दमतं

नेहमीच्या १०८०पी मॉनिटरवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात. क्वेस्ट २ मध्ये एका डोळ्याला १८३२ × १९२०, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून ७० लाख. क्वेस्ट ३ मध्ये २०६४ × २२०८, दोन्ही मिळून ९१ लाख. ४के मॉनिटरचे ८३ लाख होतात, म्हणजे डोक्यावरचा हा डबा ४के मॉनिटरलाही मागे टाकतो. त्यावर आणखी एक भर आहे. भिंगातून बघताना चित्राच्या कडा वाकतात, त्या सरळ दिसाव्यात म्हणून कार्ड आधी मोठं चित्र काढतं आणि मग ते उलट्या बाजूला वाकवून पॅनेलवर टाकतं. व्हॉल्व्ह इंडेक्स या हेडसेटचं पॅनेल १४४० × १६०० चं आहे, पण स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्याचं १०० टक्के म्हणजे २०१६ × २२४०. बाजू १.४ पट झाली की पिक्सेल जवळजवळ दुप्पट होतात.

२०१६ साली रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले तेव्हा एका डोळ्याला १०८० × १२०० एवढंच होतं आणि जीटीएक्स ९७० कार्डाची शिफारस होती. त्यामुळे जुन्या कॅबिनेटवर 'व्हीआर रेडी'चा स्टिकर असेल तर तो त्या काळाच्या मापाने खरा आहे. आजच्या हेडसेटसाठी त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती पिक्सेलपेक्षा महत्त्वाची. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवताना, एक फ्रेम (एक चित्र) तयार करायला मशीनला १३.९ मिलिसेकंद मिळतात. ८० हर्ट्झवर १२.५, ९० वर ११.१ आणि १२० वर फक्त ८.३. ही वेळ थोडीशी हुकली तर काय होतं, ते नाशिककराला पटकन कळेल. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस एका मिनिटाने चुकली म्हणून आपण दादरला एक मिनिट उशिरा पोचत नाही, पुढच्या गाडीची वाट बघत बसतो. फ्रेमचंही तसंच. १३.९ च्या जागी १४.५ लागले की ती फ्रेम त्या फेरीत जातच नाही. मग हेडसेट जुनं चित्रच थोडं सरकवून दाखवतो, किंवा मोशन स्मूदिंग चालू असेल तर गेमचा वेग थेट निम्मा करतो, ९० चे ४५ आणि ७२ चे ३६. मधल्या फ्रेम अंदाजाने भरतो.

म्हणून एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा व्हीआरमध्ये फसवतो. '४५ एफपीएस येतात' असं कोणी सांगितलं तर त्याचं मशीन ११.२ मिलिसेकंद घेतंय की २१, हे त्यातून कळत नाही. पहिल्याला गेममधली एक सावली कमी करून भागेल, दुसऱ्याला नाही भागणार. आणि शरीराला हा फरक फार लवकर कळतो. मान वळली आणि डोळ्यासमोरचं चित्र मागे राहिलं की घाम फुटतो, मळमळतं, कधी कधी तासभर डोकं जड राहतं. असं झालं तर लगेच हेडसेट काढा. 'सवय होईल' म्हणून लहान मुलांना तसंच खेळवत बसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आधी आकडा, मग अंदाज

स्टीमव्हीआरमध्ये परफॉर्मन्सचा ग्राफ हेडसेटच्या आत दाखवायची सोय आहे. स्टीमवर एफपीएसव्हीआर नावाचं छोटं विकतचं साधन मिळतं, ते प्रोसेसर आणि कार्ड यांचे मिलिसेकंद वेगवेगळे दाखवतं, शिवाय तापमान आणि कार्डाची मेमरीही. मी तेच वापरतो. वायरशिवाय खेळणारे व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरत असतील तर त्याच्या परफॉर्मन्स ओव्हरलेमध्ये गेम, एन्कोडिंग (चित्र पाठवण्यासाठी दाबून लहान करणं), नेटवर्क आणि डिकोडिंग (ते हेडसेटमध्ये परत उलगडणं) असा वेळेचा चार वाटण्यांत हिशोब मिळतो. यातलं एकच पुरे, पण एक हवंच.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, गेम, हर्ट्झ, रिझोल्यूशनचा टक्का, कार्डाचे मिलिसेकंद, प्रोसेसरचे मिलिसेकंद, कार्डाचं तापमान. पहिली नोंद खेळ सुरू केल्यावर पाच मिनिटांनी, दुसरी पंचवीस मिनिटांनी. दोन ओळींचं काम आहे, पण तक्रार सहा महिन्यांनी परत आली की जुनी ओळ काढून शेजारी ठेवता येते. परत परत येणाऱ्या दुखण्यात या वहीइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झाला नाही.

मग एक चाचणी. स्टीमव्हीआरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 'ऑटो'वरून काढून हाताने १०० टक्क्यांवर ठेवा आणि आकडे लिहा. नंतर ५० टक्के करा, गेम बंद करून पुन्हा चालू करा, त्याच जागी उभं राहून आकडे परत लिहा. इथला टक्का एकूण पिक्सेलचा आहे, म्हणजे ५० टक्क्यांना पिक्सेल बरोबर निम्मे होतात.

कार्डाचा आकडा धाडकन खाली आला आणि झटके थांबले तर भार कार्डावर आहे. झटके तसेच राहिले आणि प्रोसेसरचा आकडा जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत आणि तरी चित्र अडकतंय, तर दोष पीसी आणि हेडसेट यांच्या मधल्या वाटेवर शोधा. या तिसऱ्या प्रकारातली माणसं सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. माझा सातपूरचा मित्र त्यातलाच.

पहिली वेळ: वायर

माझ्याकडेही सुरुवात याच दोषाने झाली होती, म्हणून त्याच्याकडे इतक्या लवकर ओळखता आला. क्वेस्ट २ वर एअर लिंकने (पीसीचं चित्र राउटरमार्फत वायफायने हेडसेटला पाठवायची सोय) खेळत होतो. कार्ड ९ मिलिसेकंद, प्रोसेसर ७, दोन्ही १३.९ च्या खूप आत. तरी दर थोड्या वेळाने चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि मग ते गोठायचं. आवाज मात्र चालूच असायचा. आवाज चालू आणि चित्र फुटलेलं, ही नेटवर्कची खूण पक्की लक्षात ठेवा. कार्ड कमी पडतं तेव्हा चित्र फुटत नाही, ते थरथरतं आणि मान वळवताना वस्तूंच्या दोन-दोन कडा दिसतात.

विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटवर गेलात की लिंकचा वेग दिसतो. तिथे १००/१०० एमबीपीएस दिसत होतं, हवं होतं १०००/१०००. गिगाबिटला, म्हणजे या १००० च्या वेगाला, वायरीतल्या आठही तारा लागतात. घराघरांत इंटरनेट जोडून देताना बऱ्याचदा चारच तारा क्रिम्प केलेल्या असतात, कारण १०० एमबीपीएसच्या प्लॅनला तेवढं पुरतं. प्लगच्या पारदर्शक टोकाकडे उजेडात बघितलं तर पितळी पट्ट्यांखाली किती रंगांच्या तारा आल्यात ते डोळ्यांनी मोजता येतं. माझ्या वायरीत नारिंगी आणि हिरव्या जोड्याच होत्या, निळी आणि तपकिरी कापून टाकलेली. तयार कॅट ६ वायर आणून लावली, आकडा १००० झाला आणि चौकोन थांबले.

वायर बदलूनही १०० च दिसत असेल तर राउटर बघा. इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त राउटरची लॅन पोर्टच १०० ची असतात, वायफाय ५ गिगाहर्ट्झचं असलं तरी. त्याला इलाज म्हणजे गिगाबिट पोर्टचा राउटर, आणि तोही खेळायच्या खोलीतच. काँक्रीटच्या भिंतीपलीकडून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अर्धमेला होऊन पोचतो. इंटरनेटचा प्लॅन वाढवून मात्र काहीही होत नाही. हेडसेट आणि पीसी यांच्यातली ही वाहतूक घरातल्या घरात चालते.

यूएसबी वायरने खेळत असाल तर मेटाच्या पीसीवरच्या ॲपमध्ये वायरीच्या वेगाची चाचणी आहे. यूएसबी २ ची कमाल ४८० एमबीपीएस असते. यूएसबी ३ च्या चांगल्या वायरीला २ जीबीपीएसच्या वर आकडा दिसायला हवा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावून बघा, आणि विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद करा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी वेळ: मे महिना

वहीतली १२ मे ची ओळ अजून समोर आहे. पाच मिनिटांनी कार्ड १०.४ मिलिसेकंद, तापमान ७१. पंचवीस मिनिटांनी कार्ड १४.८, तापमान ८३. गेम तोच, जागा तीच. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर चाळिशीच्या आसपासचं ऊन, आणि पीसी टेबलाच्या लाकडी कप्प्यात, पाठीमागे भिंतीला टेकलेला. १६६० सुपर ८३ अंशांना पोचलं की स्वतःला वाचवण्यासाठी घड्याळ, म्हणजे कामाचा वेग, खाली आणतं. माझ्याकडे १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास धावणारं कार्ड १६५० पर्यंत उतरलं होतं. डिसेंबरात हीच तक्रार एकदाही आली नव्हती आणि मी मात्र आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसलो होतो.

कार्ड बाहेर काढलं. दोन पंख्यांच्या मधल्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला. समोरच्या प्लॉटवर वर्षभर बांधकाम चालू होतं, ती सिमेंटची बारीक राखाडी पूड आणि घरातले केस यांचा. बोटाच्या नखाने उचलला तर तुकडाच निघून आला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या जोराने पंखा उलटा-सुलटा गरगर फिरला तर त्याची बेअरिंग जातात. घरातला व्हॅक्यूम क्लिनर थेट कार्डावर लावू नका, स्थिर वीज तयार होते. कॅबिनेट कप्प्यातून काढून जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर ठेवलं आणि पाठ भिंतीपासून हातभर पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच उन्हात, पंचवीस मिनिटांनी तापमान ७४ आणि कार्ड १०.६.

'सुरुवातीला छान चालतं, मग बिघडतं' असं कोणी सांगितलं की मी आता पहिला प्रश्न तापमानाचाच विचारतो.

तिसरी वेळ: पन्नास रुपयांचा सेल

याने मला सगळ्यात जास्त दिवस घुमवलं. पावसाळ्यात झटके परत सुरू झाले. वायर ठीक, तापमान ६८. पण ५० टक्क्यांची चाचणी केली तर फरकच पडेना. प्रोसेसरचा आकडा १५ च्या वर आणि तो खाली यायलाच तयार नाही. जुन्या ओळीत तोच आकडा १०.९ होता.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे वेग लिहिलेला असतो. माझी रॅम ३२०० ची, दाखवत होता २१३३. रॅमचा पूर्ण वेग आपोआप मिळत नाही, तो बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी या नावाने चालू करावा लागतो. रायझनमध्ये आतल्या जोडणीचं घड्याळ रॅमच्या घड्याळाशी बांधलेलं असल्यामुळे रॅम मंद झाली की प्रोसेसरही मंद होतो. मॉनिटरवर खेळताना हे जाणवतही नाही. व्हीआरमध्ये तीन-चार मिलिसेकंद म्हणजे सगळंच.

एक्सएमपी चालू केलं, सगळं सुरळीत. आठवड्याने पुन्हा २१३३. पुन्हा चालू केलं, पुन्हा गेलं. शेवटी आठवलं की पीसी चालू करताना अधूनमधून 'एफ१ दाबा' असं येतं आणि मी न वाचता ते दाबून पुढे जातो. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल संपला होता. आई रात्री झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करते. ज्या रात्री पीसीचं बटण बंद व्हायचं किंवा वीज जायची, त्या रात्री बायोस सगळं विसरायचा. पन्नास रुपयांच्या आत नवा सेल आला आणि ते दुखणं कायमचं गेलं.

रॅमची एकच पट्टी असेल तर तेही इथेच तपासा. ८ च्या दोन पट्ट्या १६ च्या एका पट्टीपेक्षा बऱ्या, आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, तुमच्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते बघून.

कार्डाची मेमरी भरणं हाही एक वेगळा दोष आहे. सरळ बघताना सगळं गुळगुळीत, पण नव्या दिशेला मान वळवली की एक मोठा धक्का बसतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) पानावर डेडिकेटेड मेमरी ६ पैकी ५.८ दिसली की समजायचं. गेममधल्या टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) पातळी एक पायरी खाली आणली की बहुतेक वेळा भागतं. २०२० च्या हाफ-लाइफ: ॲलिक्सनेच किमान ६ जीबीचं कार्ड आणि १२ जीबी रॅम मागितली होती, तेव्हा ६ जीबी हा आता काठावरचा आकडा आहे हे मान्य करायला हवं. आणि झटके अगदी ठरावीक सेकंदांनी येत असतील तर मागे चालू असलेले दिव्यांचे, पंख्यांचे, रेकॉर्डिंगचे प्रोग्राम एकेक करून बंद करत जा.

चौथी वेळ: इथे मात्र कार्ड बदललं

आतेभाऊ दुबईहून येताना क्वेस्ट ३ घेऊन आला. त्याच सुट्टीत सिन्नरहून भाचा आला, दहावीत गेलेला. त्याला वैमानिक व्हायचंय आणि ओझरच्या धावपट्टीवरून उडून गंगापूर धरणावर वळण घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. विमानाचा सिम्युलेटर हे व्हीआरमधलं सगळ्यात जड काम. तिथे पूर्ण ७२ मिळत नाहीत हे गृहीत धरून बरेच जण निम्म्या वेगावर उडतात, म्हणजे मर्यादा १३.९ ची नव्हे तर २७.८ मिलिसेकंदांची. विमान संथ वळतं, म्हणून हे चालून जातं. तलवारी फिरवायच्या गेममध्ये चालणार नाही.

धरणावरच्या वळणात कार्ड ३८, प्रोसेसर १९. वायर १०००, तापमान ७४, रॅम ३२००. सगळं तपासून झालं होतं. रिझोल्यूशन ५० टक्क्यांवर आणलं, कार्ड २४ वर आलं, वळण एकदम गुळगुळीत झालं. भाचा दोन मिनिटं खूश होता. मग तो पुढे वाकला, आणखी वाकला, जवळजवळ टेबलाला कपाळ लागलं.

"मामा, उंचीच्या काट्याचे आकडे दिसतच नाहीत. पुसल्यासारखे वाटतात."

मी हेडसेट लावून बघितलं. खरंच, ३ आहे की ८ हे कळत नव्हतं. ६५ टक्के केलं तर आकडे जेमतेम दिसले, पण कार्ड २९ वर गेलं आणि झटके परत. मधला कुठलाच टक्का दोन्ही गोष्टी देत नव्हता. त्या दिवशी मला अपग्रेडची वेळ नेमकी कुठे येते ते कळलं. आकडा मर्यादेत बसवायला जेवढं रिझोल्यूशन कमी करावं लागतं, तेवढ्यात ज्या कामासाठी हेडसेट घेतला तेच दिसेनासं होतं, तेव्हा. आणि हे एकदा उघडून बंद केलेल्या गेममध्ये नव्हे, जो रोज खेळला जाणार त्याच गेममध्ये घडायला हवं. त्याआधी घेतलेलं कार्ड मला तरी घाईचं वाटतं.

दोन-तीन कारणं आकड्यांच्या बाहेरची आहेत. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांना एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. तुमच्याकडे १०६० असेल आणि तो आज पुरत असेल तर वापरा, पण त्याच्यासाठी नवीन एसएमपीएस किंवा महागडी रॅम घेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुना प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नसेल तर बदल मदरबोर्डपासून सुरू होतो. उलट बाजूने, कोणी जुना विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचा हेडसेट स्वस्तात देत असेल तर थांबा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्याचा आधारच काढून टाकला आहे. मोठा पीसी घेऊन तो आधार परत येत नाही.

मी आरटीएक्स ४०७० घेतलं, १२ जीबीचं. १६६० सुपर १२५ वॅट घ्यायचं, हे २०० घेतं आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते. म्हणजे माझा ४५० चा गेला. कार्डाच्या किमतीत हा खर्च आधीच धरा, दुकानात उभं राहून कळला की मग स्वस्तातला, नावही न ऐकलेला एसएमपीएस गळ्यात पडतो आणि तोच पुढे सगळं जाळतो. कॅबिनेटच्या आतली लांबी टेपने मोजून न्या. यूपीएसही आठवणीने बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना वीज गेली तर नव्या कार्डासकट तो ओढणार नाही, पीसी तिथेच बंद पडेल. मी आता खेळताना मॉनिटरची वायर यूपीएसवरून काढून थेट भिंतीवर लावतो आणि मोठ्या यूपीएससाठी पैसे साठवतोय.

लॅमिंग्टन रोडला फोन करून भाव विचारले होते. फरक होता, पण वॉरंटीसाठी पंचवटीने मुंबईला जाऊन यायचा एक दिवस धरला तर तो फरक उरत नव्हता, म्हणून नाशिकमध्येच घेतलं. जुनं कार्ड घेणाऱ्यांनी मात्र 'डिस्प्ले येतोय' एवढ्यावर पैसे देऊ नका. समोर बसून अर्धा तास जड गेम किंवा बेंचमार्क चालवायला सांगा, तापमान आणि घड्याळ बघा, पंख्याचा आवाज कान देऊन ऐका. देणाऱ्याने टाळाटाळ केली तर उठून या.

नवं कार्ड बसवल्यावर १०० टक्के रिझोल्यूशनला, धरणावरच्या त्याच वळणात, कार्ड २१ आणि प्रोसेसर १९. काट्यावरचे आकडे भाचा खुर्चीला पाठ टेकून वाचत होता.

प्रोसेसर अजून तोच आहे. त्याच बी४५० वर बायोस अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसतो, आणि त्याच्या आतल्या मोठ्या कॅश मेमरीमुळे सिम्युलेटरला त्याचा चांगला फायदा होतो. पण १९ आणि २७.८ मध्ये बरंच अंतर आहे. वहीत त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवली आहे: लागोपाठ तीन रविवार प्रोसेसर २५ च्या वर गेला तर शोधायला लागायचं. १६६० सुपर साफ करून, त्यातली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून सिन्नरला पाठवलं. भाच्याच्या पीसीत आधी कार्डच नव्हतं. त्याच्याकडे मॉनिटर १०८०पी आहे, तिथे ते अजून काही वर्षं आरामात चालेल.